भेग जिवंत आहे

१३ जून १९९३, रविवार

दुपारची झोप मिळाली तर तो आमचा रविवार कसला. साठे बेल वाजवून हजर. साठे म्हणजे आमचे सेक्रेटरी; तळमजल्यावर राहतात आणि बिल्डिंगची काळजी जगात फक्त आपल्यालाच आहे अशा चेहऱ्याने वावरतात. सोबत बापट नावाचे इंजिनिअर. "सावंत वहिनी, जरा खाली येता? साहेबांनाही आणा."

जिन्याजवळच्या पिलरला भेग पडलीय. मी रोज तिथून जाते, कधी दिसली नाही. दिसली असेल. प्लॅस्टरची रेघ समजून सोडून दिली असेल. बापटांनी पिशवीतून काचेची अरुंद पट्टी काढली, भेगेवर आडवी धरली, दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली. म्हणाले, "काच फुटली तर भेग जिवंत आहे. नाही फुटली तर मेलेली. मेलेल्या भेगेला घाबरायचं नाही."

जिवंत म्हणे. आम्ही वर आलो. हे म्हणाले, "इंजिनिअर लोकांनाही धंदा करायचा असतो," आणि परत आडवे झाले. घोरायलाही लागले. मी चहा टाकला.

२० जून, रविवार

आमची अश्विनी आणि जावई महेशराव जेवायला आलेले. तिला पाचवा लागलाय, चेहरा भरलाय. कुळथाची पिठी आणि भात, तीनदा वाढून घेतला. ठाण्याला म्हणे कुळीथ कुणी खात नाही. विहीणबाईंच्या घरात कुळथाला काय स्थान असणार.

"पहिलं बाळंतपण माहेरीच हं आई. मी आत्तापासून वाट बघतेय." ही वाट बघणं म्हणजे सासूपासून सुटका हे मला कळतं, तिलाही कळतं, आम्ही दोघी बोलत नाही. खूप बरं वाटलं मला. एकुलती एक, लग्न होऊन गेली तेव्हापासून आतली खोली नुसती पडून आहे.

जाताना ती त्याच पिलरला हात टेकून चपला घालत होती. काच शाबूत होती. मी आधी काचेकडे पाहिलं, मग मुलीकडे. हे चांगलं नाही.

९ जुलै, शुक्रवार

काच फुटली. मधोमध.

साठे म्हणाले पोरांचा बॉल लागला. जिन्याखाली क्रिकेट चालतं ना पावसाचं. सगळ्या पोरांना उभं करून झापलं. एकाही पोराने कबूल केलं नाही, त्यावरून साठ्यांची खात्रीच पटली की लपवतायत. मी म्हटलं, बॉल लागला असता तर तुकडे पडले असते, ही तर जागच्या जागी तडकलीय. साठे म्हणाले, "वहिनी, तुम्ही फार बारीक बघता."

नवीन काच लावली, हात पोचणार नाही एवढी वर.

ऑफिसात, टेलिफोन एक्सचेंजमध्ये, दिवसभर हेच डोक्यात. तक्रारींच्या टेबलावर बसून माझं अर्धं आयुष्य गेलं. फोन बंद पडला की माणूस पहिलं वाक्य काय बोलतो? "सकाळी तर चालू होता." जसं काही सकाळी चालू असणं हा बंद न पडण्याचा पुरावा. आणि आमचं काम काय? फोन लाइनमन दुरुस्त करतात. आम्ही माणूस दुरुस्त करतो. आवाज खाली, सावकाश, "नोंद घेतलीय, काम चालू आहे." पलीकडचा शांत होतो. फोन बंदच असतो.

२४ जुलै, शनिवार

दुसरीही फुटली. या वेळेला बॉल नाही, रेतीचा ट्रक. समोरच्या प्लॉटवर काम चालू आहे, ट्रक मागे घेताना जमीन हादरली असं साठ्यांचं म्हणणं. यांनी मान डोलावली. म्हात्रे काकांनीही. म्हात्रे काका तळमजल्यावरचे. ही जमीन मुळात त्यांची, बिल्डरने बदल्यात त्यांना इथेच जागा दिली. ते तर हसले. "आमची जमीन हाय ती वहिनी. माजा बापूस इथं भात लावायचा. ती कुटं पलून जाते?"

मला वाटलं होतं निदान म्हात्रे काका घाबरतील. भातशेतीची जमीन, पावसात पाणी कुठे तुंबतं ते त्यांना ठाऊक. पण त्यांचं प्रेम आहे जमिनीवर. प्रेम असलं की माणूस तपासत नाही.

आता तिसरी काच लावायची की नाही यावर चर्चा. साठे म्हणाले, "रोज रोज काच फुटलेली बघून लोकांचं मन खराब होतं." म्हणजे लावायची नाही.

८ ऑगस्ट, रविवार

सोसायटीची मीटिंग, जिन्याखाली. खुर्च्या घरून आणल्या. बापट बोलायला उभे. सरळ माणूस, गोड बोलायचं जमत नाही. म्हणाले, ताबडतोब टेकू लावा, जिन्याच्या बाजूचे सगळे फ्लॅट चार-सहा महिने रिकामे करा, पिलर नव्याने बांधून घ्यावे लागतील. पाणी झिरपून आतलं लोखंड गेलंय.

मग कुणीतरी म्हणालं, "साहेब, पडायची शक्यता किती?" बापट म्हणाले, "तारीख नाही सांगता येणार." बस. तिथेच हरले बिचारे. तारीख सांगता येत नाही म्हटल्यावर सगळ्यांचे खांदे सैल झाले. मी प्रत्येकाकडे बघत होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे. साठे शांत आहेत म्हणून सावंत शांत. सावंत शांत आहेत म्हणून साठे. एकाने जरी उठून "मी जातो" म्हटलं असतं तर अर्धी बिल्डिंग उठली असती असं मला वाटतं. पण पहिला कोण उठणार? पहिला उठणारा येडा ठरतो.

गणपती तोंडावर आलेत, त्यानंतर बघू. ठराव एकमताने. मीही हात वर केला.

हात वर का केला? घरी येऊन तेच विचारतेय स्वतःला. शेजारच्या बाईंनी केला म्हणून.

९ ऑगस्ट

यांच्याशी भांडण. मी म्हटलं, आपण तरी भाड्याने कुठे बघू. हे ताडकन, "कुठे? दादाकडे जाऊ परळला?" दादा म्हणजे यांचे मोठे भाऊ. चाळीतली खोली सोडून इथे फ्लॅट घेतला तेव्हा दादा सगळ्यांदेखत म्हणाले होते, शेतात घर घेतोयस, बेडकांबरोबर राहा. ते यांच्या जिव्हारी लागलंय. नऊ वर्षं झाली, अजून दादा आले की हे आधी पाण्याचा नळ सोडून दाखवतात. किती जोरात येतं बघ. म्हणजे बिल्डिंग खराब निघाली तर दादा खरे ठरले. यापुढे भेग काय, पूर्ण पिलर पडला तरी यांना दिसणार नाही.

माझंही काही वेगळं नाही. या घरातली प्रत्येक खुंटी मी जागा ठरवून ठोकलीय.

२२ ऑगस्ट, रविवार

तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी गेले. सकाळी टेम्पो. बाईंनी सगळ्यांना सांगितलं, मिरजेला सासऱ्यांना बरं नाही, महिनाभर जाऊन येतो. हे गॅलरीतून बघून हसले, "घाबरट." साठेही हसले म्हणे.

मी जिन्यात भेटले त्यांना. शेवटच्या फेरीला त्यांच्या हातात लाकडी देवघर होतं. देवांसकट, साडीत गुंडाळून. महिनाभरासाठी कुणी देव नेतं का? शेजारी फूल वाहायला सांगून जातो आपण. आमची नजरानजर झाली. त्या म्हणाल्या, "येते हं सावंत वहिनी. जपा." मी म्हटलं, "सासऱ्यांना बरं वाटू दे."

दोघींनाही माहीत होतं. दोघीही नीट वागलो.

२ सप्टेंबर, गुरुवार

ठाण्याहून विहीणबाईंचा फोन. गणपतींनंतर लगेच पक्ष लागतो, पक्षात लेकीला आणत नाहीत. त्यानंतर नववा. नवव्यात ठाणे ते डोंबिवली, शीळफाट्याच्या खड्ड्यांतून? म्हणजे विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी घेऊन जा, तेवढाच दिवस आहे. पुढे गोड आवाजात, "तुम्हाला जमत नसेल तर आमच्याकडे होईल हो बाळंतपण. आमचं काय, घर मोठं आहे."

जमत नसेल तर! लेकीचं पहिलं बाळंतपण न जमणारी आई म्हणजे काय ते त्यांना बरोबर ठाऊक आहे. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "न जमायला काय झालं? तीसला आम्ही येतोच आहोत."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं. मला बाहेर पडायची वाट त्यांनीच दाखवली होती. सरळ हो म्हणायचं होतं. मला राग आला आणि रागाच्या भरात मी माझ्या पोटुशा पोरीला त्या पिलरखाली बोलावलं.

उद्या फोन करून सांगेन.

७ सप्टेंबर

नाही केला. काय सांगणार? आमची बिल्डिंग धोक्याची आहे म्हटलं की त्या विचारणार, मग तुम्ही का राहता?

२१ सप्टेंबर, मंगळवार

सोसायटीचा गणपती जिन्याखालीच बसतो. या वर्षी मखर कुठे लावलं? त्याच पिलरला टेकवून. भेगेवर लाल मखमल, वर झिरमिळ्या, दिव्यांची माळ. फार सुंदर दिसतंय, खोटं का बोलू. आरतीला सगळी बिल्डिंग. टाळ्यांचा आवाज वरच्या स्लॅबला आपटून परत येतो. मी आरतीत डोळे मिटते आणि मला मखमलीच्या मागचं दिसत राहतं. आजूबाजूला कुणालाच दिसत नसावं. की दिसतं? साठ्यांनी कापूर धरला तेव्हा त्यांची नजर दोनदा मखमलीकडे गेली. मखमल पेटेल म्हणून असेल म्हणा.

प्रसादाचे मोदक माझ्याकडून.

३० सप्टेंबर, गुरुवार

पहाटे भूकंप.

भांडी वाजली म्हणून जाग आली. पंखा आपोआप हलत होता. मी यांना हलवलं आणि आम्ही दोघं नेसत्या कपड्यानिशी खाली. सगळेच खाली. गाऊन, लुंग्या, कुणाच्या हातात टीव्हीचं कव्हर, कशासाठी ते त्यांनाही माहीत नाही. कालच विसर्जन झालेलं, जिन्याखाली गुलाल तसाच. कुणी पिलरजवळ उभं राहिलं नाही. न सांगता सगळे रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे. म्हणजे माहीत आहे. सगळ्यांना, पक्कं माहीत आहे.

उजाडल्यावर रेडिओ. लातूरकडे गावंच्या गावं गेली. पुढे ऐकवेना.

आणि आजच अश्विनीला आणायचं. सात वाजता तिचा फोन, "आई, इथे काही नाही झालं, नुसता पलंग हलला. तुम्ही निघालात ना?" माझ्या तोंडाशी आलं होतं. येऊ नकोस बाळा. पण तिच्या मागे विहीणबाईंचा आवाज, "विचार, बिल्डिंग आहे ना जागेवर?" आणि हसणं. माझा तो एक्सचेंजचा आवाज आपोआप सुरू झाला. "हो गं. निघतोच आहोत. काही काळजी करू नकोस."

महेशरावांनी मित्राची फियाट आणली. खड्डे चुकवत चुकवत संध्याकाळी घरी. भाकरतुकडा ओवाळून टाकला. ती आतल्या खोलीत पलंगावर पसरली आणि म्हणाली, "आता मी हलणार नाही." तिला बघून इतकं सुख झालं. आणि त्याच वेळी भीती. दोन्ही खरं.

३ ऑक्टोबर, रविवार

बिल्डिंगमध्ये वेगळंच वारं. साठे प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगतायत, "एवढा भूकंप झाला, आपल्या बिल्डिंगला काही झालं? परीक्षाच घेतली देवाने. पास!" हे तर खूश. दादांना फोन करून मुद्दाम सांगितलं. गेल्या आठवड्यात जे घाबरून होते तेही आता छाती काढून चालतात. टेकूचं काम पक्ष संपल्यावर, पक्षात नवीन काम काढत नाहीत. त्यानंतर दिवाळी. त्यानंतर पोरांच्या परीक्षा. कुणी घाईही करत नाही, कारण पास.

अहो, धक्का तिकडे बसला, इकडे फक्त हलकी झुळूक आली. आजारी माणूस जिना चढून आला म्हणून तो बरा आहे असं कुणी म्हणतं का? चढल्यामुळेच उद्या पडेल तो. हे मी यांना बोलले. हे म्हणाले, "तुला नेहमी वाईटच दिसतं."

वर्तमानपत्रातले फोटो अश्विनीला दिसू नयेत म्हणून मी पेपर लपवते.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

बाथरूमचं दार लागत नाही. वरच्या कोपऱ्यात अडकतं. "पावसाने लाकूड फुगतं," हे म्हणाले. सुतार बोलावला, रंधा मारून घेतला. लागायला लागलं.

बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणतंय.

१९ ऑक्टोबर

दार परत अडकलं. परत रंधा. सुतार म्हणाला, "बाई, किती कापू?" मी त्याला म्हटलं, जेवढं लागेल तेवढं काप. दार छोटं होत चाललंय, आम्हाला मात्र ते फुगलेलंच म्हणायचं आहे.

गंमत म्हणजे माझी भीती कमी झालीय. खरंच. पिलरजवळून जाताना आता पाय थबकत नाही. भीतीलाही सवय होते. आता मला याच गोष्टीची भीती वाटते, पण तीही फार नाही. अश्विनीला रोज तेल लावते, गप्पा मारतो, हसतो. इतके चांगले दिवस खूप वर्षांत नव्हते.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

काल संध्याकाळी मुलगी झाली! नर्सिंग होममध्ये, स्टेशनजवळ. दोघी सुखरूप. केस भरपूर, नाक आमच्याकडचं. यांनी पहिल्यांदा हातात घेतलं आणि रडले. लग्नात नव्हते रडले.

उद्या-परवा घरी आणायचं.

२ नोव्हेंबर, मंगळवार

घरात बाळ. शेकशेगडीचा वास, ओवा, डिंकाचे लाडू. बाळ जरा पिवळं दिसतं. डॉक्टर म्हणाले घाबरायचं नाही, सकाळचं कोवळं ऊन द्या. आमच्या गॅलरीत समोर चढत चाललेल्या नव्या बिल्डिंगमुळे ऊन येत नाही, म्हणून मीच सकाळी खाली घेऊन जाते, रस्त्यापलीकडे बंद दवाखान्याच्या ओट्यावर. अश्विनी बाळंतीण, कान बांधलेली, ती गॅलरीतून बघते.

तिथे बसलं की बिल्डिंग पूर्ण दिसते. जिन्याची बाजू किंचित खाली गेलीय की काय असं मला वाटतं. वाटतंच असेल. मी आता शोधतच असते, शोधणाऱ्याला सापडतं.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

परवा बारसं. छताला पाळण्याची कडी बसवायला माणूस आला. आमच्याकडे बारशाचा पाळणा टांगलेलाच लागतो, यांच्या आईने अश्विनीचाही टांगलेला. पहिलंच भोक पाडलं आणि भलं मोठं ढपलं खाली. ताटाएवढं. जिथे पाळणा येणार होता तिथे बरोबर. वर सळया उघड्या. माणसाने बोट लावलं तर लोखंडाचे पापुद्रे निघाले, लाल, भिजल्या पुठ्ठ्यासारखे.

आतून अश्विनी, "आई, काय पडलं?" हे पटकन, "डबा पडला गं."

आम्ही दोघं वर बघत होतो. यांचा चेहरा पांढरा. मला वाटलं, आता. आता हे बोलतील. खिशातलं पाकीट चाचपलं आणि म्हणाले, "स्टँडचा पाळणा आणू." जाऊन घेऊनही आले. ढपलं मी केरसुणीने भरलं.

पाळणा छतापासून सोडवला आम्ही. छत आहे तिथेच आहे.

६ नोव्हेंबर, शनिवार

बापटांना फोन केला, यांना न सांगता. ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "माझं ऐकाल तर आज."

मग विहीणबाईंना. सगळं सांगितलं, पहिल्या काचेपासून. अभिमान गिळून. म्हटलं, दोघींना आजच घेऊन जा. त्या म्हणाल्या, "अहो, उद्या बारसं, शंभर माणसांना आमंत्रण गेलंय. आणि बाळंतिणीला सव्वा महिना उंबरा ओलांडू देत नाहीत. एवढं होतं तर आधी का नाही बोललात?" थोड्या वेळाने, समजुतीच्या स्वरात, "नात झाली की आजीला असंच होतं. मलाही पहिल्यांदा सगळीकडे धोकाच दिसायचा. सव्वा महिना होऊ दे, मग बघू."

आधी का नाही बोललात. बरोबर आहे.

संध्याकाळी यांना म्हटलं, मी उद्या सगळ्यांदेखत बोलणार. हे चिडले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "शालू, मला कळतंय गं. पण एकदा हो म्हटलं की मग आत्ता, या मिनिटाला बाहेर पडावं लागेल. मला ते झेपत नाही." पंचवीस वर्षांत एवढं खरं मला ते कधी बोलले नव्हते. मी त्यांचा हात धरून बसले. आणि तिथेच बसले, ही कमाल बघा.

७ नोव्हेंबर, रविवार

बारसं झालं. नाव ईशा.

सकाळी माणसं यायच्या आत अश्विनीला आतल्या खोलीत सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, बाळाला पाजत. मग माझ्याकडे बघून हसली. "आई, तू खरंच घाबरली असतीस तर अशी बोलली असतीस का? किती शांत आहे तुझा आवाज." मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज निघालाच नाही. म्हणजे निघाला, तोच. खालचा, सावकाश. मेला तो आवाज, आता माझा दुसरा राहिलाच नाही. ती म्हणाली, "बाबा म्हणाले दिवाळीनंतर काम सुरू होतंय. कशाला टेन्शन घेतेस?"

मग सगळे आले. ठाण्याची सगळी मंडळी, दादा, बिल्डिंगमधल्या बायका. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. वर ढपल्याच्या जागी यांनी चमचमता कागद चिकटवून फुगे लावलेले. दादांनी वर बघितलं आणि म्हणाले, "सजावट छान." बायका पाळण्याभोवती, पाठीत धपाटे, हशा, कुर्रऽऽ. मी दारात घुगऱ्यांचं ताट घेऊन उभी, आणि मला एकच कळत होतं, की एवढं वजन या लादीवर आजवर कधी आलं नव्हतं. ओरडावंसं वाटत होतं, उठा सगळे. मी म्हटलं, "कॉफी राहिलीय का कुणाची?"

रडू आलं. सगळ्यांना वाटलं आनंदाने.

८ नोव्हेंबर, सोमवार

हे खाली बसून लिहितेय, दवाखान्याच्या ओट्यावर. बाळाला ऊन द्यायला आणलं तेव्हा पिशवीत वही टाकली, बाळाचे लंगोट टाकले, पातळ दुपटी सगळी टाकली. अश्विनी म्हणाली, "एवढं कशाला?" म्हटलं, असू दे.

ऊन कोवळं होतं ते केव्हाच गेलं. मी सावलीत सरकले. वर जायचं नाही, हे ठरलंय. बोलून झालं सगळ्यांशी, आता बोलणार नाही. बाळ माझ्याकडे आहे. भूक लागली की अश्विनीला खाली यावंच लागेल, कान बांधलेले असोत की सव्वा महिना असो. ती आली की रिक्षात घालायचं आणि न्यायचं, कुठेही. नंतर शिव्या देऊ दे मला. विहीणबाईंनी काय म्हणायचं ते म्हणू दे.

हे कामावर गेलेत. जाताना इकडे बघितलं, पिशवी बघितली, आणि वाटेला लागले. कळलं असावं. म्हात्रे काका दारात दात घासतायत. साठे दिवाळीचा कंदील टांगायला शिडी शोधतायत.

मगाशी ट्रक थांबले होते तेव्हा जिन्याकडून काहीतरी बारीक वाजलं. वाळकी काटकी मोडल्यासारखं. साठ्यांनीही मान वळवली होती. मग परत शिडी शोधायला लागले.

ईशा चुळबुळ करायला लागलीय, तोंड उघडून शोधतेय. अश्विनी गॅलरीत आली. मधे रस्ता, रेतीचे ट्रक, हाक पोचत नाही. मी हात वर करून खुणावलं, ये, खाली ये, लवकर ये. दोन्ही हातांनी.

तिला वाटलं मी बाळाच्या वतीने टाटा करतेय. ती हसली. तिनेही हात हलवला, आणि केस पुसत कठड्याला टेकून तिथेच उभी राहिली.